जुहूचा गेटवे आणि आमच्या घराची कडी

परवा शनिवारी माळ्यावरचा जुना पीसी खाली काढला, त्यात दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं आणि ओपनबीएसडी टाकून बोरिवलीच्या घरासाठी राउटर-कम-फायरवॉल बनवायला घेतला. बाबा म्हणाले, "नेटवाल्याने फुकट डबा दिलाय की! हे कशाला?"

प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी जरा मागे जावं लागेल.

भारतात एर्नेट १९८६-८७ मध्ये डायल-अपवर सुरू झालं, तेव्हा सोय फक्त ईमेलची होती. १९९२ पर्यंत आपल्या जुहूच्या एनसीएसटीमधून (आता ती सी-डॅकमध्ये विलीन झालीय) थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत ६४ केबीपीएसची लिंक गेली. मोबाईलवरचा ३ एमबीचा एक फोटो त्यातून जायला सहा मिनिटं लागली असती! एनसीएसटीचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी यांना २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

तेव्हाचं नेट म्हणजे जुनी चाळ. सगळे ओळखीचे, दारं सताड उघडी. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने हजारो युनिक्स मशीन्स आडवी केली, तेव्हा कुठे लोकांना कडीची आठवण झाली.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थिओ डी राटने नेटबीएसडीपासून फारकत घेऊन ओपनबीएसडी सुरू केलं. २००१ मध्ये लायसन्सच्या वादामुळे त्यांनी आयपीफिल्टर हा फायरवॉल काढून टाकला. मग डॅनियल हार्टमायरने पीएफ लिहिला आणि डिसेंबरमध्ये तो ३.० आवृत्तीतून आलासुद्धा.

पीएफ नियम वरून खाली वाचतो आणि शेवटी जुळलेला नियम लागू करतो. मी 'ब्लॉक ऑल' नेमकं शेवटी लिहिलं. झालं! आईची सिरियल बंद, घरात बोंबाबोंब. ती ओळख वर नेली, आधी सगळं बंद आणि मग लागेल तेवढंच उघड, तेव्हा शांतता झाली.

असो. तर बाबांचं उत्तर. २०१६ मध्ये मिराईने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कसे? कंपनीने दिलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता म्हणून. फुकटचा डबा वाईट नसतो हो, पण त्याची कडी कुणाच्या हातात आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपल्या डब्याचा पासवर्ड बदललास का?"

नव्हता बदलला. आधी तो बदलला.