व्यवसायोपचार आणि आपण : अर्ज भरण्याआधी वाचायचा इतिहास

रेवदंडा, चौल किंवा अलिबाग तालुक्यातल्या कुठल्याही बौद्धवाडीत दहावी-बारावीच्या मुलांना ‘पुढे काय?’ असं विचारलं की उत्तरं ठरलेली येतात. डॉक्टर, इंजिनिअर, एमपीएससी, पोलीस भरती. मुली नर्सिंग किंवा डीएड सांगतात. ‘ऑक्युपेशनल थेरपी’ हे उत्तर मात्र आम्ही अजून ऐकलेलं नाही. शासकीय मराठीत या शास्त्राला ‘व्यवसायोपचार’ म्हणतात. हे नाव ऐकून अनेकांना वाटतं की हा धंदेशिक्षणाचा एखादा कोर्स असावा. तसं नाही. पक्षाघाताने उजवा हात गेलेल्या कोळ्याला पुन्हा स्वतःच्या हाताने जेवता यावं, जाळं दुरुस्त करता यावं; माडावरून पडून कंबर मोडलेल्या माणसाला घरात आणि कामावर पुन्हा उभं राहता यावं; स्वमग्न मुलाला शाळेत बसता यावं; मानसिक आजारातून उठलेल्या बाईला दिवसाची घडी बसवता यावी, यासाठीचं हे आरोग्यशास्त्र आहे. माणसाचं रोजचं काम हेच त्याचं औषध, या विचारावर ते उभं आहे.

आणि म्हणूनच आमचं म्हणणं आहे की या शास्त्राशी आंबेडकरी तरुणांचा संबंध इतर कोणापेक्षाही जवळचा आहे. काम माणसाला घडवतं की मोडतं, हा प्रश्न आपल्या समाजाने शेकडो वर्षं स्वतःच्या अंगावर सोसला आहे.

१९१७ : एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मार्च १९१७ मध्ये काही मोजकी माणसं एकत्र आली आणि त्यांनी व्यवसायोपचाराची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. त्यांचा यजमान जॉर्ज बार्टन हा डॉक्टर नव्हता. तो वास्तुशिल्पी होता. क्षयाने खंगलेला, डाव्या अंगाला अर्धांगवायू झालेला. स्वतःच्या हाताने पुन्हा काम करू लागल्यावर आपण बरे होत गेलो, हा त्याचा अनुभव होता. दुसरं मोठं नाव एलेनॉर क्लार्क स्लेगल यांचं. त्या समाजकार्यकर्त्या होत्या आणि शिकागोच्या कामगार वस्तीतल्या हल हाऊस या केंद्राशी जोडलेल्या होत्या. म्हणजे या शास्त्राच्या जन्माच्या वेळी एक रुग्ण आणि एक समाजसेविका पुढे होती, हे आपण लक्षात ठेवावं.

त्याच १९१७ साली आपल्याकडे काय घडत होतं? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं शिकून आणि पुढे लंडनला जाऊन बाबासाहेब परतले आणि करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला हजर झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत. राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. हातपाय धडधाकट, बुद्धी असामान्य, पदव्या जगातल्या उत्तम विद्यापीठाच्या आणि तरीही काम करणं अशक्य! अपंगत्व शरीरात होतं का? अपंगत्व त्या कचेरीत होतं, त्या शहरात होतं. आज व्यवसायोपचाराची पाठ्यपुस्तकं सांगतात की माणसाची अडचण केवळ त्याच्या शरीरात शोधू नका, त्याच्या भोवतालातही शोधा. बाबासाहेबांनी ते बडोद्यात भोगलं होतं.

वतन म्हणजे काय होतं?

दहा वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात महाडला परिषद झाली. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा असं सांगितलं, हे मात्र कमी आठवतं. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक मांडलं. वतन म्हणजे काय? जन्माने ठरलेलं काम, चोवीस तासांची वेठ आणि बदल्यात भाकरतुकडा व जमिनीचा चिमुकला तुकडा. ते काम सोडता येत नव्हतं, बदलता येत नव्हतं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावं लागलं. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी नेमका हाच मुद्दा मांडला: जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे आणि त्यात माणसाची आवड, कुवत यांना काहीच जागा नाही.

आता हे व्यवसायोपचाराच्या शेजारी ठेवून पाहा. ते शास्त्र म्हणतं, माणसाला अर्थपूर्ण वाटणारं, त्याने स्वतः निवडलेलं काम त्याला बरं करतं. जात म्हणते, काम तू निवडायचं नाहीस. एकाचा पाया दुसऱ्याच्या मुळावर येतो.

इथे एक आक्षेपही नोंदवायला हवा. सुरुवातीच्या काळात अमेरिकेतल्या व्यवसायोपचारात टोपल्या विणणं, हातमाग, लाकूडकाम या हस्तकलांवर भर होता. तिथल्या मध्यमवर्गीय रुग्णाला टोपली विणणं हा विरंगुळा वाटला असेल. पण आपल्याकडे टोपली म्हटलं की बुरूड, दोरखंड आणि केरसुणी म्हटलं की मातंग, कातडं म्हटलं की चांभार-ढोर. ज्याच्या आजोबाने ते काम लाज गिळून केलं आणि ज्याच्या बापाने ते सोडण्यासाठी गाव सोडलं, त्या रुग्णाच्या हातात बोटांच्या व्यायामासाठी तीच टोपली दिली तर तो बरा होईल की मनातून मोडेल? हा प्रश्न पडायला उपचार करणाऱ्याला जात ठाऊक असावी लागते. पुस्तकातून नव्हे, घरातून. आपली मुलं या क्षेत्रात का हवीत, याचं हे पहिलं उत्तर.

परळची शाळा

भारतात हे शास्त्र आलं ते मुंबईत. एलिझाबेथ लंडी या अमेरिकन क्वेकर कुटुंबातल्या बाई विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाल्या. चाळिशी ओलांडल्यानंतर त्या पुन्हा अमेरिकेत गेल्या, व्यवसायोपचार शिकल्या आणि परत येऊन १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात भारतातली पहिली व्यवसायोपचार शाळा त्यांनी सुरू केली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. परळ म्हणजे गिरणगाव. कोकणातून गेलेला कामगार, त्यात आपलेही लोक, याच भागात राबत होता. यंत्रात बोटं गमावणाऱ्यांच्या वस्तीत ही शाळा उघडली.

चाळिशीनंतर पुन्हा विद्यार्थी होणाऱ्या या बाईंबद्दल आम्हाला आदर आहे. पण एक फरक डोळ्याआड करून चालणार नाही. त्यांच्याजवळ भाषा होती, पदवी होती, सागरापार ओळखी होत्या. आपल्या पोरांजवळ काय होतं? त्यांच्यासाठी दार उघडलं ते बाबासाहेबांनी. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारकडून पैसा मिळवला आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाडीबीटीवर आपण जो अर्ज भरतो त्याचं मूळ तिथे आहे. मात्र १९५६ मध्ये धम्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत, तब्बल ३४ वर्षं, थांबावं लागलं. बौद्ध झालात म्हणजे अनुसूचित जात संपली, असा तो न्याय होता! त्या काळात केंद्राच्या किती जागा आपल्या हातून गेल्या असतील, याचा विचार करा.

दार नेमकं कुठे बंद होतं?

आज महाराष्ट्रात व्यवसायोपचाराची पदवी म्हणजे बीओटीएच. त्यात आंतरवासिता येते. मुंबईत महापालिकेच्या केईएम, सायन आणि नायर या रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ती मिळते. प्रवेश नीटच्या गुणांवर. त्यानंतर पदव्युत्तर एमओटीएच, त्यासाठी राज्याची वेगळी सीईटी. तिथे मज्जासंस्था, हाडं-स्नायू, बालविकास, मानसिक आरोग्य असे विषय निवडता येतात.

याचा अर्थ नीट समजून घ्या. एमओटीएचचा अर्ज बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी भरला जातो, पण त्याचा निकाल पंधराव्या-सोळाव्या वर्षीच लागलेला असतो. दहावीनंतर जीवशास्त्रासह विज्ञान घेतलं नाही तर हा रस्ता बंद. आमच्यासारखा समाजशास्त्रात एमए झालेला माणूस इथे कितीही इच्छा असली तरी एमओटीएचला अर्ज करू शकत नाही. अमेरिकेत उलट आहे. तिथे २००७ पासून या व्यवसायात शिरण्यासाठी पदव्युत्तर शिक्षणच लागतं, आणि बरीच विद्यापीठं कुठल्याही विषयाचा पदवीधर घेतात. फक्त शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, संख्याशास्त्र असे ठरावीक विषय आधी पूर्ण करावे लागतात आणि एखाद्या थेरपिस्टचं काम जवळून पाहिल्याचे तास दाखवावे लागतात. स्लेगल समाजकार्यातून आल्या होत्या, तो रस्ता तिथे अजून उघडा आहे. आपल्या व्यवस्थेने तो ठेवला नाही.

म्हणून रेवदंड्याच्या मुलाला सल्ला एमओटीएचच्या वेळी देऊन उपयोग नाही. तो नववीत द्यायला हवा. अकरावी विज्ञानासाठी एसटीने अलिबागला जायचं की जवळच कला शाखा घ्यायची, हा निर्णय घरात भाड्याच्या पैशांवर होतो आणि तिथेच एक थेरपिस्ट कमी होतो. दुसरं, जात पडताळणी. प्रमाणपत्र आहे पण वैधता नाही, म्हणून राखीव जागा गेली, असं घडू देऊ नका. अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत प्रस्ताव जिल्हा समितीकडे गेला पाहिजे. आजोबांचा शाळेचा दाखला, जुन्या नोंदी आत्ताच शोधा. तिसरं, पैसा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, फ्रीशिप, वसतिगृह, आणि वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना. परदेशी जायचं असेल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज. केंद्राने २०२२ मध्ये या शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास, समाज यांवरचे विषय वगळले, हे आपण विसरलेलो नाही. आमचा समाज आम्हीच अभ्यासू नये, असाच त्याचा अर्थ. आरोग्यशास्त्राचं दार उघडं आहे, तर तिथून आत शिरून समाजाचा प्रश्न मांडता येतो.

‘मग एमबीबीएस का नको?’ असं कोणी विचारेल. जरूर करा. अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, तिथे आपली मुलं गेलीच पाहिजेत. पण एमबीबीएस हुकलं म्हणजे सगळं संपलं, ही समजूत घातक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचं अपंगत्व मान्य केलं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने व्यवसायोपचाराला मान्यताप्राप्त आरोग्य व्यवसायांत जागा दिली. कायदे आले, पण वाडीवर येणारा माणूस कुठे आहे? शहरातला थेरपिस्ट रोह्याच्या किंवा मुरुडच्या पाड्यावर आपण होऊन येणार नाही.

परदेशी अर्जात एक निबंध लागतो: हा व्यवसाय तुम्हाला का हवा? आपल्या मुलांनी तिथे गरिबीची कहाणी सांगून दया मागू नये. वतनाचा इतिहास लिहावा. काम लादलं गेल्यावर माणसाचं काय होतं आणि ते नाकारल्यावर तो कसा उभा राहतो, याची जितकी माहिती आपल्या घराण्यांत आहे तितकी जगातल्या फार थोड्यांकडे असेल. ती माहिती म्हणजे आपली पात्रता आहे.

चौलचं जुनं नाव चेमुल. या बंदरातल्या दात्यांची नोंद कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांमधल्या शिलालेखांत कोरलेली आहे. हाताने राबणारे, व्यापार करणारे लोक संघाला दान देत आणि आपलं नाव व गाव दगडावर लिहीत. काम करणाऱ्याला नाव होतं. पुढे जातीने ते नाव पुसलं आणि फक्त काम ठेवलं. आपल्या वाडीतली पहिली व्यवसायोपचार तज्ज्ञ आज कदाचित आठवी-नववीत असेल. तिला हा शब्द येत्या जूनच्या आधी कळला पाहिजे. ते काम आपलं आहे.

जय भीम!