पुराच्या पाण्यानंतरचा ताप : परिचारिकेचे निरीक्षण आणि रुग्णशिक्षण

२६ जुलै २००५ च्या सकाळपासूनच्या २४ तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुर्ला, घाटकोपर, अंधेरी परिसरातील असंख्य रहिवासी गढूळ पाण्यातून वाट काढत घरी परतले. पाणी ओसरल्यावर तापाच्या रुग्णांची रीघ लागली आणि लेप्टोस्पायरोसिस हे नाव घराघरांत पोहोचले. तेव्हापासून पावसाळ्यात राजावाडी, कूपर यांसारख्या पालिका रुग्णालयांत तापाच्या रुग्णाकडे पाहताना या आजाराचा विचार करावाच लागतो.

उंदीर, कुत्री व गुरे यांच्या मूत्रातून हे जिवाणू पाण्यात मिसळतात. पायावरील जखमा, भेगा किंवा डोळे, नाक व तोंड यांच्या नाजूक त्वचेतून ते शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात. तोपर्यंत रुग्ण त्या पाण्याला विसरलेला असतो. म्हणूनच परिचारिकेने आपणहून विचारावे : गेल्या महिनाभरात साचलेल्या पाण्यातून चाललात काय? पायाला जखम होती काय? कामाचे स्वरूप काय? सफाई कामगार, गोठ्यात वा गटारात काम करणारे यांना धोका अधिक असतो.

निरीक्षण कसे करावे?

पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू व लेप्टो यांचा प्रारंभ सारखाच भासतो. निदान डॉक्टर करतात. पण रुग्णाच्या उशाशी सर्वाधिक वेळ परिचारिका असते. पोटऱ्या हलकेच दाबल्यावर तीव्र वेदना होणे आणि चिपडे न येता डोळे लालबुंद होणे, ही लेप्टोची सूचक लक्षणे होत. डोळ्यांचा पिवळेपणा नैसर्गिक प्रकाशात पाहावा.

लघवीचे मोजमाप हा या परिचर्येचा कणा आहे. ६० किलो वजनाच्या प्रौढाची लघवी ताशी ३० मिलिलिटरहून कमी होत असेल, तर मूत्रपिंडे संकटात असल्याचा तो इशारा समजावा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. प्रौढाचा श्वास साधारणतः मिनिटाला १२ ते २० असतो. तो वाढत जाणे, खोकला किंवा थुंकीत रक्त येणे हे फुप्फुसातील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना तत्काळ कळवावे.

पेनिसिलिनच्या पहिल्या मात्रेनंतर काही तासांत कधी कधी हुडहुडी भरून ताप चढतो व रक्तदाब उतरतो. म्हणून त्या काळात नाडी व रक्तदाब वारंवार पाहावा. अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज वा श्वासाला घरघर आढळल्यास औषधाच्या ॲलर्जीची शंका घ्यावी.

ताप उतरला, तरी धोका संपला असे नाही

लेप्टोमध्ये ताप दोन-तीन दिवस उतरून पुन्हा उलटू शकतो. डेंग्यूमध्ये तर ताप उतरतानाच गंभीर टप्पा सुरू होण्याची शक्यता असते. रोजंदारी बुडते म्हणून नेमक्या याच वेळी रुग्ण घरी जाण्याचा आग्रह धरतात. 'बरे वाटते' या शब्दांवर न विसंबता लघवी, श्वास व रक्तदाब यांच्या नोंदी डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. पहिल्या काही दिवसांत प्रतिपिंडांची रक्तचाचणी निगेटिव्ह येऊ शकते, हेही नातेवाइकांना समजावून सांगावे.

रुग्णाला काय शिकवावे?

डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिले असल्यास गोळी बसून, पेलाभर पाण्यासोबत घ्यावी व लगेच आडवे होऊ नये. अन्यथा अन्ननलिकेला इजा होऊ शकते. दूध व आम्लपित्ताची औषधे त्याच वेळी घेऊ नयेत. गरोदर स्त्रिया व ८ वर्षांखालील मुलांसाठी डॉक्टर वेगळे औषध सुचवितात. अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ नयेत. त्यांपैकी काही मूत्रपिंडांना घातक ठरतात व डेंग्यूत रक्तस्राव वाढवितात.

सूचना सांगून झाल्यावर 'समजले ना?' असे विचारल्यास बहुतेक जण मान डोलावतात. त्याऐवजी, 'आजी, घरी गेल्यावर गोळी कशी घ्याल, ते मला सांगा,' असे म्हणावे. उत्तरात चूक आढळल्यास सोप्या शब्दांत पुन्हा समजवावे.

साचलेल्या पाण्यातून चालावे लागल्यास घरी येताच पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत, जखमेवर मलमपट्टी करावी आणि प्रतिबंधक औषधासाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे. ताप आल्यास, आपण पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.