रस्त्याचा आवाज आणि आपले कान



परवा बँकेच्या कामाला जायचं म्हणून कुंडलच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होते. मोबाईल बंद पडलेला, मग नुसती ऐकत बसले. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्यावर मोठ्यानं लावलेलं गाणं, भाजीच्या टेम्पोचा भोंगा, पिठाची गिरणी, शाळा सुटलेल्या पोरांचा कालवा. शेजारच्या मावशी काय बोलतात तेही कळेना.

हे आवाज पूर्वी नव्हते. आपल्या आज्यांची पहाट जात्याच्या घरघरीनं व्हायची. गावाची सूचना दवंडीनं कळायची. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभारला. जवळच्या स्टेशनाला तेव्हा कुंडल रोड म्हणत, पुढं ते किर्लोस्करवाडी झालं. शेतीच्या या भागात यंत्रांचा आवाज आला तो तिथून.

मग प्रतिसरकारचा काळ आला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या चळवळीचं कुंडल हे मोठं केंद्र. इथल्या जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊंच्या तुफान सेनेनं ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. हे आपल्याला भाषणांतून ठाऊक असतं. पण त्याच काळातला एका बाईच्या आवाजाचा प्रसंग कमी सांगितला जातो.

नाना पाटलांची मुलगी हौसाताई. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर भर रस्त्यात एक साथीदार तिला मारहाण करू लागला, ती रडू-ओरडू लागली. सगळा बनाव होता. पोलीस सोडवायला बाहेर आले, तेवढ्यात बाकीच्या साथीदारांनी ठाण्यातल्या बंदुका पळवल्या.

हा बनाव का साधला? बाईचं ओरडणं ऐकून इंग्रज सरकारचे पोलीससुद्धा जागचे उठले म्हणून.

आता माझं सांगते. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत रात्री एक बाई ओरडत होती. तो बनाव नव्हता. मी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी ती गटाच्या मीटिंगला आली, हप्ता भरला. डोळ्याखाली काळंनिळं झालेलं. कुणी काही विचारलं नाही. मी रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढं ‘हजर’ लिहिलं.

ते ‘हजर’ मला अजून टोचतंय. हजर तर आम्ही सगळ्याच होतो.

पुढच्या मीटिंगला मी हे सगळ्यांसमोर बोलले. तेव्हा कळलं, बाकीच्यांनीही ऐकलं होतं. त्या दिवशी आम्ही ठरवलं: असा आवाज आला की एकटीनं नाही, तिघी-चौघींनी मिळून जायचं. दार वाजवायचं. साखर मागायच्या निमित्तानं का होईना, पण वाजवायचं. जिवावर बेतलंय असं वाटलं तर ११२ ला फोन करायचा. सल्ला, मदत हवी असेल तर महिलांसाठी १८१ आहे. दोन्ही नंबर आता आमच्या रजिस्टरच्या पहिल्याच पानावर आहेत.

रस्त्यावरचा गोंगाट काही कमी होणार नाही. पण त्यातून कुठला आवाज वेगळा काढून ऐकायचा, हे आपल्या हातात आहे. तुमच्या गटात यावर एकदा बोला. आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांच्या काळात गल्लीत कुणी ओरडलं तर कोण धावायचं?