एआ-नासिरचे तांबे आणि नन्नीचा नकार

इ.स.पू. १७५०च्या सुमारास नन्नी नावाच्या ग्राहकाने, आजच्या दक्षिण इराकमधील उर नगरातल्या एका व्यापाऱ्याला अक्कादी भाषेत पत्र धाडले. ११.६ सेंटिमीटर उंचीची ती मातीची पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जगातील सर्वांत जुनी ग्राहक-तक्रार म्हणून समाजमाध्यमांवर तिची यथेच्छ थट्टा होते. पत्रातील खरी महत्त्वाची गोष्ट मात्र त्या थट्टेत हरवते.

व्यापाऱ्याचे नाव एआ-नासिर. दिलमुनशी, म्हणजे आजच्या बहारीनशी, त्याचा तांब्याचा व्यापार चाले. उत्तम प्रतीच्या लगडी देण्याचा शब्द त्याने दिला होता. प्रत्यक्षात नन्नीच्या दूतापुढे हिणकस लगडी मांडल्या आणि वर सुनावले, घ्यायच्या तर घ्या, नाहीतर चालते व्हा! शत्रुप्रदेश ओलांडून गेलेले दूत रिकाम्या हातांनी परतले, तेही एकदा नव्हे.

नन्नीची बाजूही अगदीच निष्कलंक नव्हती. एक मीना चांदीचे देणे त्याच्याकडे होते आणि एआ-नासिरची मिजास त्यावरच पोसलेली होती, असे नन्नीच म्हणतो. पण त्याचे उत्तर नुसत्या संतापाचे नाही. एआ-नासिरच्या वतीने आपण राजवाड्यात १०८० मीना, म्हणजे सुमारे अर्धा टन, तांबे भरले. शूमि-आबुम यानेही तेवढेच भरले. शिवाय शमाशच्या मंदिरात मोहोरबंद दस्त ठेवला आहे, याची तो आठवण देतो. शमाश हा सूर्यदेव, तसाच न्यायदेवही. अशा साक्षीपुढे व्यापाऱ्याची अरेरावी फार काळ टिकणारी नव्हती.

पत्राचा गाभा अखेरीस येतो. यापुढे एआ-नासिरकडची हलकी लगड स्वीकारली जाणार नाही. नन्नी आपल्याच अंगणात एकेक लगड पारखून निवडील आणि न पटलेली नाकारील. विक्रेत्याने केलेल्या वर्णनावर विसंबण्याचे बंधन ग्राहकावर नाही, हे तत्त्व येथे कायद्याच्या भाषेत नव्हे, तर व्यवहाराच्या अटीच्या रूपाने उभे राहते.

त्याच शतकातील हम्मुराबीच्या संहितेत याचे कायदेशीर रूप दिसते. नवी नाव वर्षाच्या आत गळू लागली, तर ती बांधणाऱ्याने स्वखर्चाने दुरुस्त करावी. विकत घेतलेल्या गुलामाला महिन्याच्या आत 'बेन्नू' हा रोग जडला, तर त्याला परत करून चांदी परत घ्यावी. खरेदीदाराच्या या संरक्षणात माणूसही मालच ठरतो, हे विसरता येत नाही.

पाटी सापडली ती लिओनार्ड वूली यांच्या उर येथील उत्खननात, एआ-नासिरचे मानल्या जाणाऱ्या घरात. तिच्या सोबतीला तांब्याविषयी कुरकुर करणारी इतरांची पत्रेही होती.