घाशीराम कोतवाल आणि पुण्याचे तीन दिवस

इ. स. १७९१ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस पुणें शहरांत तीन दिवसांत जें घडलें, त्याची आठवण दोन शतकें उलटून गेलीं तरी मराठी मनांतून पुसली गेलेली नाहीं. घाशीराम कोतवालाचें नांव ज्याच्या कानांवर आलेलें नाहीं असा मराठी वाचक विरळा. परंतु त्या नांवाभोंवतीं कथा-नाटकांचा एवढा पसारा जमला आहे कीं, मूळ हकीकत त्याखालीं दबून गेली आहे. १८६३ सालीं मोरोबा कान्होबा यांनीं त्याच्या नांवाचा ग्रंथ छापला. १९७२ सालीं विजय तेंडुलकरांचें नाटक रंगभूमीवर आलें आणि तेव्हांपासून नाटकांतला घाशीराम तोच खरा घाशीराम, असें पुष्कळांस वाटूं लागलें. आपलें नाटक ऐतिहासिक नव्हे, असें तेंडुलकरांनीं स्वतःच सांगून ठेवलें होतें. पण अशा खुलाशांकडे प्रेक्षक फारसें लक्ष देत नाहींत. वास्तविक मूळ हकीकत इतकी भयंकर आहे कीं, तिला वरून रंग चढविण्याची गरजच नव्हती.

घाशीराम सावळदास हा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. औरंगाबादेकडून तो पुण्यास आला, नारायणराव पेशव्यांच्या वधानंतरच्या धामधुमींत त्यानें नाना फडणीसांचा विश्वास संपादन केला, आणि १७७७ च्या फेब्रुवारींत शहराची कोतवाली त्याच्या हातीं आली. सवाई माधवरावांना त्या वेळीं तीन वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. सर्व कारभार नानांचा. कोतवाल म्हणजे केवळ चोर धरणारा अंमलदार, अशी समजूत असेल तर ती दूर केली पाहिजे. बाजारांतले भाव ठरविणें, वजनें-मापें तपासणें, घरांचे आणि गल्लीबोळांचे तंटे तोडणें, शहरांत कोण आलें व कोण गेलें याची नोंद ठेवणें, जुगाराच्या अड्ड्यांवर नजर ठेवणें, हें सर्व त्याचेंच काम. आज पोलीस, नगरपालिका आणि खालचें न्यायालय अशा तीन ठिकाणीं वांटली गेलेली सत्ता त्या काळीं एका चावडीत एकवटलेली होती. रात्रीं तोफ सुटली कीं रस्ते ओस पडत. त्यानंतर जो बाहेर सांपडेल त्याला धरून चौकीवर बसवीत आणि सकाळपर्यंत सोडीत नसत.

या बंदोबस्ताची कीर्ति परक्यांनींहि गाइली आहे. पेशव्यांच्या फौजेंत असलेल्या विल्यम टोन नांवाच्या आयरिश अधिकाऱ्यानें तर अवेळीं बाहेर सांपडल्यामुळें खुद्द पेशव्यांनाच एकदां रात्रभर अडकून पडावें लागल्याची गोष्ट कौतुकानें लिहिली आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, ज्या शहराबद्दल अशी गोष्ट सांगतां येते, त्या शहरांतील साध्या उतारूची काय कथा, याचा विचार मात्र टोनच्या मनांत आलेला दिसत नाहीं. चोऱ्या होत नाहींत म्हणून घरंदाज मंडळी निश्चिंत झोंपत होती. चौकीवर नेलेल्या माणसाचें पुढें काय होतें, हें विचारण्याचें कारण त्यांना पडत नव्हतें. दंड भरावा लागे तो बहुधा परगांवच्या, ओळख नसलेल्या, कोणाचा वशिला नसलेल्या माणसाला. कोतवालाच्या जुलमाबद्दल कुजबूज होती. पण नानांची मर्जी आहे तोंवर बोलून उपयोग नाहीं, हेंहि सर्वांनीं ओळखलें होतें. अशीं चौदा वर्षें गेलीं.

श्रावणांत पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वांटीत. त्यासाठीं हिंदुस्थानच्या सर्व भागांतून ब्राह्मण पुण्यास लोटत, आणि पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत वांटणी होई. १७९१ सालीं आलेल्यांत तेलंगी ब्राह्मणांचाहि मोठा जमाव होता. त्यांपैकीं कांहीं जण सोमवार, ता. २९ ऑगस्ट रोजीं भवानी पेठेच्या बाजूस घाशीरामाच्या बागेपाशीं उतरले होते. त्यांनीं बागेंतलें कांहीं तोडलें, एवढीच तक्रार. कोतवालाच्या शिपायांनीं तीस-पस्तीस जणांना धरलें आणि एका कोंदट कोठडींत कोंडून बाहेरून कुलूप घातलें. हवा येण्यास वाव नाहीं, पाणी नाहीं, हलण्यास जागा नाहीं. त्या रात्रीं एकवीस माणसें गुदमरून मेलीं.

आरडाओरड झाली नसेल असें कोण म्हणेल? तीस माणसें श्वासासाठीं धडपडत असतांना भिंती मुक्या राहत नाहींत. पहारेकरी बाहेर होते, पेठेंत वस्ती होती. पहाऱ्यावरच्या एकाहि शिपायानें कुलूप काढलें नाहीं. हुकूम नव्हता, हें त्याचें उत्तर तयार असणार. आणि शेजारपाजारच्यांचें उत्तर, चावडीच्या कामांत आपण कशाला पडावें, हें. अखेर कुलूप उघडलें तें मानाजी फांकडे यांनीं. मानाजी शिंदे-फांकडे हे नांवाजलेले सरदार, एके काळीं राघोबादादांच्या पक्षाचे. नानांची मर्जी सांभाळण्याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. कोतवालाचें कुलूप तोडण्यास पुण्यांत अशाच एखाद्याची गरज पडावी, हें पुरेसें बोलकें आहे. दार उघडलें तेव्हां प्रेतें आणि अर्धमेलीं माणसें एकमेकांवर पडलेलीं होतीं.

घाशीराम तोंवर नानांकडे गेला होता. मेलेले लोक चोर होते, असें त्यानें सांगितलें. आणि चौदा वर्षें ज्याचें म्हणणें मानीत आलों, त्याचें याहि वेळीं मानावें, अशीच नानांची पहिली प्रवृत्ति झाली. प्रकरण तेथेंच दडपलें गेलें असतें. परंतु मानाजींकडून बातमी पेशव्यांपर्यंत पोंचली, चौकशीस माणसें गेलीं, आणि शहरांतले तेलंगी ब्राह्मण हजाराच्या संख्येनें नानांच्या दाराशीं जमले. प्रेतें उचलूं देणार नाहीं, आधीं कोतवालाला शिक्षा करा, असा त्यांचा हट्ट. तारीख ३० ऑगस्ट. बरोबर अठरा वर्षांपूर्वीं, १७७३ च्या याच तारखेस, शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणरावांना ठार मारलें होतें. त्या खुनाची चौकशी करून खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे १७८९ सालीं वारले होते. त्यांच्या जागीं आतां अय्याशास्त्री होते.

अय्याशास्त्र्यांसमोर प्रकरण आलें खरें, पण दारांतला जमाव मिनिटामिनिटाला वाढत असतांना निवाडा कसा झाला असेल, याची कल्पना करणें अवघड नाहीं. साक्षी कोणाच्या झाल्या? कोंडण्याचा हुकूम घाशीरामानें स्वतः दिला होता, कीं शिपायांनीं आपल्या बुद्धीनें कोंडलें आणि कोतवालानें मागून तें झांकलें? अशा प्रश्नांना त्या दिवशीं जागा नव्हती. शहरांत दंगा उसळूं द्यावयाचा नसेल तर कोतवाल जमावाच्या स्वाधीन केला पाहिजे, हें नानांना उमगलें. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मोठ्या फौजा घेऊन टिपूवर गेलेले होते. अशा वेळीं राजधानींत ब्रह्महत्येचा बोभाटा आणि बलवा दोन्ही परवडणारे नव्हते. नानांचा हिशेब कारभारी म्हणून चोख होता. त्याला न्याय म्हणणें मात्र कठीण आहे.

घाशीरामाला दोरांनीं बांधून हत्तीवर बसविलें आणि पर्वतीकडे पहाऱ्यांत नेऊन ठेवलें. दुसऱ्या दिवशीं, ३१ ऑगस्टला, उंटावर उलटें तोंड करून त्याची शहरभर धिंड काढली. ज्या रस्त्यांवरून त्याच्या घोड्याला पाहून लोक बाजूला होत, त्याच रस्त्यांवर आतां तमाशा पाहण्यासाठीं दुतर्फा गर्दी लोटली. शेवटीं शहराबाहेर पूर्वेस गारपिरावर त्याला नेऊन तेलंगी ब्राह्मणांच्या हवालीं केलें, आणि त्यांनीं दगडांनीं ठेचून त्याला मारलें. सरकारी पहारा जवळ होता. तो मध्यें पडला नाहीं. मध्यें पडण्यासाठीं तो तेथें नव्हताच. पुण्यांतील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यानें ही सर्व हकीकत लिहून ठेवली आहे.

दगड मारणाऱ्यांची बाजू समजण्यासारखी आहे. त्यांचे भाऊबंद एका रात्रींत गुदमरून मेले होते, आणि कारभाऱ्यांनीं प्रथम गुन्हेगाराचीच बाजू घेतली होती. हजार माणसें दारांत बसलीं नसतीं, तर त्या एकवीस प्रेतांना चोरांचीं प्रेतें म्हणून मूठमाती मिळाली असती. पण याच गोष्टीची दुसरी बाजूहि आहे. चौदा वर्षांत त्या चावडीवर ज्यांना मार बसला, ज्यांचें द्रव्य गेलें, त्यांत कुणबी, महार, उदमी, फिरस्ते असे किती तरी असतील. त्यांच्यामागें हजारांचा जमाव नव्हता, त्यांच्या मरणाला ब्रह्महत्येचें पातक चिकटत नव्हतें. म्हणून त्यांच्यासाठीं कोणी नानांच्या दाराशीं बसलें नाहीं. आणि दगडांच्या वर्षावांत घाशीरामाबरोबर त्याच्या चौदा वर्षांचा हिशेबहि संपला. कोणाच्या नजरेखालीं हा अंमल चालला, आणि तक्रारी कोठें जाऊन थांबत होत्या, हें त्याच्या तोंडून वदवून घेण्याची संधि गारपिरावर कायमची गेली. ती गेल्याचें कारभाऱ्यांना फार वाईट वाटलें असेल, असें दिसत नाहीं.

नाना फडणीस पुढें १८०० सालीं वारले, तोंवर मराठेशाहीच्या राजकारणांतील त्यांचें महत्त्व टिकून होतें. गारपिराच्या मैदानावर पुढें इंग्रजी पलटणींचा तळ पडला, आणि १८१७ सालीं खडकीच्या लढाईपूर्वीं तो तेथूनच हलला. कोतवालीवर दुसरा माणूस आला. चौकी, पहारा, धरपकड, सर्व पूर्वींप्रमाणें चालू राहिलें. टोननें पुण्याच्या बंदोबस्ताची ती वाखाणणी केली ती १७९६ च्या सुमारास, म्हणजे घाशीरामाच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं. आणि त्याच्याहि कानांवर रात्रीं तीच तोफ येत होती.