५९ दिवसांचं आयुष्य जगणारा प्रवाळातला पिटुकला मासा

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये सगळ्यात कमी आयुष्य कोणाचं? आजवरच्या नोंदींनुसार एका माशाचं, आणि तेही जास्तीत जास्त ५९ दिवस. या माशाला 'पिग्मी गोबी' म्हणतात, शास्त्रीय नाव एव्हिओटा सिगिलाटा. (नावातल्या गोबीचा भाजीशी काही संबंध नाही.) लांबी फार तर दोन सेंटिमीटर आणि मुक्काम उष्ण समुद्रात, प्रवाळांच्या तळाशी.

ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठाच्या मार्शल डेपचिन्स्की आणि डेव्हिड बेलवूड यांनी ग्रेट बॅरियर रीफवरचे मासे तपासून २००५ मध्ये हा आकडा मांडला. दिवस मोजले कसे? माशाच्या कानात एक इवलासा खडा असतो, त्यावर रोज एक वलय चढतं. झाडाच्या खोडात वर्षांची वलयं असतात ना, तसंच. फक्त इथे हिशेब दिवसांचा.

पहिले तीन आठवडे पिल्लू मोकळ्या पाण्यात तरंगत असतं. मग ते तळाशी उतरतं, आठ-पंधरा दिवसांत वयात येतं आणि त्यानंतर हातात उरतात फार तर साडेतीन आठवडे. तेवढ्यात मादी चारशेच्या आसपास अंडी घालते. अंड्यांची राखण नर करतो. ही घाई उगाच नाही: दररोज शंभरातले सात-आठ मासे मरतात, बहुतेक कोणाच्या तरी पोटात जाऊन.

पण प्रवाळांची खानावळ चालते ती यांच्याच जिवावर! २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, प्रवाळ परिसरात जेवढे मासे खाल्ले जातात, त्यात वजनाने जवळपास ६० टक्के वाटा तळाशी लपणाऱ्या अशा चिमुकल्या माशांचा असतो. एरवी पाहिलं तर ते थोडेच दिसतात. पण त्यांची बरीचशी पिल्लं दूर वाहून न जाता प्रवाळाजवळच राहतात, त्यामुळे जेवढे संपतात तेवढे नवे येत राहतात.

गोबींचा गोतावळा मोठा आहे. कोकणात खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी त्यांचीच नातेवाईक. प्रवाळ तर मालवणलाही आहेत. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं. स्कुबा करून आलेल्यांच्या फोटोंमध्ये मात्र मोठे, रंगीत मासेच असतात. फटीत बसलेला बोटाच्या पेराएवढा मासा सहसा कोणाला दिसत नाही.

शास्त्रज्ञांनाही नुसतं पोहत जाऊन तो मोजता येत नाही. ते प्रवाळाचा छोटा भाग बारीक जाळीने झाकतात आणि आत लवंगेचं तेल सोडतात, दातदुखीवर आपण लावतो तेच. मासे गुंगले की मग एकेक टिपून मोजायचा.