उरलेल्या एकोणतीस जणी

गर्भधारणेच्या अगदी आरंभी भ्रूणाकडून एचसीजी हे संप्रेरक स्रवू लागते. त्याच्या प्रभावाने अंडाशयातील प्रोजेस्टेरॉनची निर्मिती चालू राहते आणि गर्भाशयाचे अस्तर टिकते. प्रतिपिंडांनी एचसीजी निष्प्रभ केले, तर गर्भ रुजत नाही. पाळी मात्र नियमित येते. दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार यांनी १९७०च्या दशकात या तर्कावर लस उभी केली. अडचण एकच होती: शरीर स्वतःच्या संप्रेरकाला शत्रू मानत नाही. म्हणून त्याची बीटा साखळी धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला जोडण्यात आली. म्हणजे ओळखीच्या माणसाला परक्याचा अंगरखा चढवला.

१९९४ साली चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १४८ स्त्रियांपैकी ११९ जणींमध्ये प्रतिपिंडांची संरक्षक पातळी गाठली गेली; त्या पातळीवरील १२२४ मासिक चक्रांत केवळ एक गर्भधारणा झाली. प्रतिपिंडे ओसरल्यावर गर्भधारणा पुन्हा शक्य झाली. तरीही उरलेल्या २९ जणी संरक्षणाबाहेरच राहिल्या. शिवाय गोळी थांबवता येते, टोचलेली लस थांबवता येत नाही, हा स्त्री-आरोग्य संघटनांचा आक्षेप गंभीर होता. त्याला विज्ञानविरोध म्हणून झटकणे अन्यायाचे ठरेल.

उत्तराचा शोध पुढे डीएनएपर्यंत पोहोचला. या पद्धतीत प्रथिनाऐवजी त्याचा जनुक वाहणारे प्लास्मिड टोचतात आणि स्नायूतील पेशीच ते प्रथिन घडवतात. केवळ डीएनएने मिळणारा प्रतिसाद बहुधा क्षीण असतो. मात्र आधी डीएनए आणि नंतर प्रथिन दिल्यास एचसीजीविरोधी प्रतिपिंडे लक्षणीय वाढतात, असे तलवार यांच्या गटाने २०१५ साली उंदरांत दाखवले.

प्राण्यांसाठी लक्ष्य निराळे: मेंदूतून स्रवणारे जीएनआरएच. ते रोखले की नर-मादी दोघांचीही प्रजननयंत्रणा मंदावते. अमेरिकेत हरणांसाठी २००९ साली मान्यता मिळालेली गोनाकॉन लस याच तत्त्वावर चालते. पण ती पेप्टाइडची आहे, डीएनएची नव्हे. राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००३ साली कुत्र्याच्या अंडपेशीच्या आवरणातील झेडपी-३ प्रथिनाचा जनुक उंदरांना टोचून प्रतिपिंडे मिळवली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांचा प्रश्न गाजला, तेव्हाही निर्बीजीकरणाचा मार्ग शस्त्रक्रियेचाच होता: एकेक कुत्रे पकडून, भूल देऊन, टाके घालून.